एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४ ला जगभरची लाखो विंडोज मशीन एकदम बंद पडली. या घटनाक्रमात त्या दिवसाच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत. दुसरीकडची वेळ आली तर तसे लिहिले आहे.

२१ एप्रिल २०१०

मॅकॅफी या विषाणूरोधक कंपनीने ग्राहकांच्या संगणकांवर विषाणू ओळखण्याच्या खुणांची नेहमीसारखी नवी फाइल पाठवली. फाइलचा क्रमांक ५९५८. तिच्यातल्या एका चुकीमुळे विंडोज एक्सपीची स्वतःची एक अत्यावश्यक फाइल विषाणू ठरली आणि सॉफ्टवेअरने ती बाजूला काढली. सर्व्हिस पॅक ३ असलेले संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. नेटवर्कशी त्यांचा संपर्क तुटला.

सुधारलेली फाइल काही तासांत तयार झाली. पण जो संगणक सुरूच होत नाही, तो ती उतरवून घेऊ शकत नव्हता. तंत्रज्ञांना एकेका टेबलापाशी जावे लागले.

मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी तेव्हा जॉर्ज कर्ट्झ होते. पुढच्याच वर्षी ते क्राउडस्ट्राइक या नव्या सुरक्षा कंपनीचे सहसंस्थापक झाले.

१४ मे २०१४

अमेरिकेतल्या अटलांटा शहरातले एमरी विद्यापीठ.

मोठ्या संस्थेत प्रत्येक संगणकावर विंडोज वेगळे बसवत बसत नाहीत. तंत्रज्ञ एकच संगणक नीट तयार करतात. त्यावर विंडोज, त्याचे सगळे पॅच, ऑफिस, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि सुरक्षा सॉफ्टवेअर टाकतात. मग सिसप्रेप नावाचे साधन चालवून त्या संगणकाचे नाव आणि ओळख-क्रमांक पुसतात आणि उरलेल्या सगळ्याची एक फाइल बनवतात. हीच रेफरन्स इमेज. नेटवर्कवरून ती शेकडो, हजारो मशीनवर उतरते आणि सगळी मशीन एकसारखी होतात. नव्याने इमेज टाकताना पहिले काम बहुधा ठरलेले असते. डिस्कची पुन्हा वाटणी करायची आणि ती फॉरमॅट करायची.

त्या दिवशी एमरीत विंडोज ७ ची इमेज चुकून विद्यापीठातल्या सगळ्या विंडोज मशीनकडे रवाना झाली. त्यात लॅपटॉप होते, डेस्कटॉप होते, सर्व्हरही होते. चूक ध्यानात येताच इमेज वाटणारा सर्व्हर बंद करण्यात आला. तोवर त्याने धाडलेली आज्ञा त्याच्यापर्यंतही पोचली होती. त्याची स्वतःची डिस्क फॉरमॅट झालेली होती.

२०१४ ते २०२४

आयटी विभागांत एक शिस्त रुजली. इमेज, विंडोजची नवी आवृत्ती किंवा मोठा पॅच एकदम सगळ्यांवर सोडायचा नाही. आधी आयटीची स्वतःची दहा-वीस मशीन, मग एखादा विभाग. काही दिवस वाट पाहायची. तक्रार आली नाही तर पुढचा टप्पा.

याच काळात क्राउडस्ट्राइकचे फाल्कन हे सॉफ्टवेअर जगभरच्या बँका, रुग्णालये, विमान कंपन्या आणि सरकारी खात्यांत पसरले. संस्थेच्या प्रमाणित संगणकावर विंडोज आणि ऑफिस जसे असायचेच, तसा फाल्कनचा सेन्सरही असू लागला. हल्लेखोराच्या आधी जागे व्हायचे, म्हणून हा सेन्सर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये काम करतो आणि मशीन सुरू होतानाच उठतो.

सेन्सरच्या नव्या आवृत्तीलाही शिस्तीचे दार होते. ग्राहकाला ठरवता येत असे: ताजी आवृत्ती घ्यायची, एक पायरी मागे राहायचे की दोन पायऱ्या. सावध संस्था एक किंवा दोन पायऱ्या मागे राहत. आपले मशीन नव्या गोष्टीची पहिली चाचणी ठरणार नाही, अशी त्यांची समजूत होती.

२८ फेब्रुवारी २०२४

सेन्सरची ७.११ ही आवृत्ती आली. तिच्यात हल्ले ओळखण्याचे नियम बनवण्यासाठी एक नवा साचा होता. विंडोजमध्ये दोन प्रोग्राम एकमेकांशी ज्या नळ्यांतून बोलतात, त्यांना नेम्ड पाइप म्हणतात. हल्लेखोर त्यांचा गैरवापर करतात, तो ओळखण्यासाठी हा साचा होता.

साच्याच्या व्याख्येत २१ रकाने होते. सेन्सरमधला जो कोड हे रकाने भरून पुढे देणार होता, तो २० च देत होता.

फरक एका रकान्याचा. आवृत्ती तयार होताना तो सापडला नाही. चाचणीतही सापडला नाही.

५ मार्च २०२४

नव्या साच्यावर ताण देऊन चाचणी घेण्यात आली. साचा उत्तीर्ण झाला. त्याच दिवशी त्यावर आधारलेला पहिला नियम ग्राहकांच्या मशीनवर गेला. तो ज्या फाइलमधून गेला, ती चॅनल फाइल २९१.

चाचणीत आणि या पहिल्या नियमात एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. काहीही चालणार असेल तर त्या रकान्यात काय आहे, हे सेन्सर बघायला जात नाही. म्हणून रकाना मुळात आलेलाच नाही, हे उघड झाले नाही.

८ ते २४ एप्रिल २०२४

याच साच्याचे आणखी तीन नियम पाठवण्यात आले. तिन्ही नीट चालले. एकविसाव्या रकान्यासमोर अजूनही ‘काहीही चालेल’ होते.

साच्याच्या खात्यात आता एक उत्तीर्ण चाचणी आणि चार निर्विघ्न नियम जमा होते. पुढच्या निर्णयात हेच पुरावे म्हणून धरले गेले.

जुलै २०२४ चा मध्य

फेब्रुवारीतली ७.११ आता जुनी झाली होती. एक-दोन पायऱ्या मागे राहणाऱ्या सावध ग्राहकांकडेही ती पोचली होती.

क्राउडस्ट्राइककडून ग्राहकाच्या मशीनवर दोन प्रकारच्या गोष्टी येत. एक, सेन्सरची आवृत्ती. ती काही आठवड्यांनी येई, मोठी असे आणि पायऱ्यांच्या दारातून आत येई. दुसरी, ओळखीचे नियम. ते दिवसातून अनेकदा येत आणि आकाराने लहान असत. नवा हल्ला दिसला की त्यावरचा नियम मिनिटांत सगळीकडे पोचावा, हेच या सेवेचे मोल होते. त्यामुळे नियमांना पायऱ्या नव्हत्या. मागे राहण्याचा पर्याय ग्राहकाला नव्हता. कंपनीही ते आधी थोड्या मशीनवर सोडून पाहत नव्हती.

इमेजला दार होते. विंडोजच्या पॅचला होते. सेन्सरलाही होते. त्या सेन्सरला कर्नलमध्ये बसून जे वाचायचे होते, ते मात्र थेट येत होते.

१९ जुलै २०२४, शुक्रवार, पहाटे ३:२६

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर या क्लाउड सेवेच्या मध्य अमेरिका विभागात बिघाड सुरू झाला. साठवण यंत्रणेतल्या प्रवेश-नियंत्रणाच्या एका बदलामुळे सेवा कोलमडल्या. अमेरिकेतल्या काही विमान कंपन्यांची कामे अडली.

पुढे जे होणार होते, त्याच्याशी याचा संबंध नव्हता. पण सकाळी कामावर आलेल्या अनेक तंत्रज्ञांच्या डोक्यात एक कारण आधीच तयार होते: मायक्रोसॉफ्ट बंद आहे.

सकाळी ९:३९ च्या आधी

नेम्ड पाइपच्या साच्याचे दोन नवे नियम पाठवायचे होते. त्यांतल्या एकात प्रथमच एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ नव्हते. तिथे जुळवून पाहायची एक नेमकी अट होती.

दोन्ही नियम तपासनीस प्रोग्रामकडे गेले. व्याख्येत २१ रकाने आहेत, म्हणजे सेन्सरला २१ मिळतील, असे तो धरून चालला. त्या गृहीतकावर नियम बरोबर होता. त्याने दोन्ही नियम पुढे सोडले.

ते एखाद्या खऱ्या विंडोज मशीनवर लावून, मशीन सुरू राहते का, हे पाहण्याची पायरी नव्हती. मार्चमधली चाचणी, तपासनीसावरचा विश्वास आणि एप्रिलमधले निर्विघ्न नियम एवढ्यावर निर्णय झाला.

सकाळी ९:३९

चॅनल फाइल २९१ ची नवी प्रत सुटली.

त्या क्षणी सिडनीत दुपारचे २:०९ झाले होते. टोकियोत १:०९. लंडनमध्ये पहाटेचे ५:०९. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून ९ मिनिटे झाली होती. कंपनीचे मुख्यालय टेक्सासमधल्या ऑस्टिनला आहे. तिथे गुरुवार अजून संपला नव्हता, रात्रीचे ११:०९ झाले होते.

मुंबई, पुणे, बंगळूरु, हैदराबाद इथल्या कार्यालयांत लोक येत होते, मशीन चालू करत होते.

सकाळी ९:४० नंतर

फाइल मिळालेल्या मशीनवर सेन्सरने नवे नियम स्मृतीत घेतले. नेम्ड पाइपवर पुढची हालचाल झाली, तेव्हा तो नियमाशी ताडून पाहू लागला. एकविसाव्या रकान्यापाशी आल्यावर त्याने एकविसावी किंमत वाचायचा प्रयत्न केला. यादी विसाव्यावर संपत होती. त्याने यादीबाहेरची स्मृती वाचली.

साध्या प्रोग्रामने असे केले तर तो प्रोग्राम बंद पडतो. बाकीचे मशीन चालत राहते. कर्नलमध्ये असे झाले की विंडोज पूर्ण थांबते, कारण पुढे चालू राहिले तर माहिती बिघडण्याचा धोका असतो.

पडदा निळा झाला. त्यावर उदास चेहऱ्याची खूण आणि मशीन पुन्हा सुरू होत असल्याची सूचना. मशीन पुन्हा सुरू झाले. सेन्सर नेहमीप्रमाणे लवकर उठला. त्याने तीच फाइल वाचली. पडदा पुन्हा निळा झाला.

सकाळी १० च्या सुमारास

ऑस्ट्रेलिया आणि भारतात कामाचे तास चालू होते, म्हणून मशीनही चालू होती. ऑस्ट्रेलियातल्या वृत्तवाहिन्या, बँका, विमानतळ आणि सुपरमार्केटची बिलिंग यंत्रे थांबू लागली.

अलास्कात गुरुवारची रात्र होती. तिथल्या काही भागांत ९११ या आपत्कालीन क्रमांकाची यंत्रणा बंद पडली. पोलिसांनी नागरिकांना पर्यायी क्रमांक दिले.

युरोपातली बरीच कार्यालये बंद होती. पण त्यांचे सर्व्हर चालू होते. रात्री पॅच आणि इमेज उतरवता यावी, म्हणून अनेक संस्था कर्मचाऱ्यांना सांगतात की जाताना मशीन बंद करू नका. ज्यांनी हे पाळले, त्यांच्या मशीनवर फाइल पोचली. जे सायंकाळी मशीन बंद करून घरी गेले, त्यांचे मशीन या तासाला सुरक्षित होते.

सकाळी १०:३०

पडदे निळे होऊन पाऊण तासाहून अधिक वेळ झाला होता.

आयटी विभागात पहिला फोन आला तेव्हा ते एक मशीन होते. विसाव्या फोनपर्यंत मजला झाला. मग लक्षात आले की तक्रार नोंदवायची प्रणालीही सुरू होत नाही. इतर कार्यालयांतल्या सहकाऱ्यांना विचारल्यावर कळले की त्यांच्याकडेही हेच आहे. काहींनी नुकत्याच उतरवलेल्या विंडोज पॅचवर संशय घेतला. काहींनी अझ्युरचा बिघाड पुढे केला.

निळ्या पडद्याच्या नोंदीत एका ड्रायव्हरचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. तो फाल्कनचा ड्रायव्हर होता.

इमेजने सगळी मशीन एकसारखी केली होती, म्हणून ती सांभाळणे सोपे होते. एकसारखी होती म्हणूनच ती सगळी एकाच ठिकाणी, एकाच कारणाने थांबली.

सकाळी १०:५७

क्राउडस्ट्राइकने फाइल मागे घेतली आणि जुन्या नियमांची चांगली प्रत सोडली. सुटका ते माघार यांत ७८ मिनिटे गेली.

यापुढे जे मशीन चालू होणार होते, त्याला चांगली प्रत मिळणार होती. लंडनमध्ये सकाळचे ६:२७ झाले होते. तिथे ज्यांनी रात्री डेस्कटॉप बंद ठेवला होता, ते वाचले. मॅक आणि लिनक्सच्या मशीनना ही फाइल लागू नव्हती.

सकाळी ११ नंतर

दुरुस्ती इंटरनेटवर उपलब्ध होती. ती घ्यायला मशीन काही मिनिटे जिवंत राहायला हवे होते. बहुतेक मशीन नेटवर्क जोडण्याआधीच पडत होती. काही तारेने जोडलेली मशीन वारंवार सुरू करताना एखाद्या फेरीत नवी फाइल ओढून घेत आणि उभी राहत. अझ्युरवरच्या आभासी मशीनच्या ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने सांगितले की १५ वेळा रीस्टार्ट करावे लागू शकते.

खात्रीचा उपाय एकच होता. मशीनपाशी जा. सेफ मोडमध्ये किंवा विंडोजच्या दुरुस्ती पडद्यावर ते सुरू करा. विंडोजच्या ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये क्राउडस्ट्राइकचे फोल्डर उघडा. २९१ क्रमांकाची, ०४:०९ अशी जागतिक वेळ असलेली फाइल शोधा. ती पुसा. रीस्टार्ट करा.

एका मशीनला काही मिनिटे लागत. संस्थेत मशीन हजारो होती.

दुपारी १२ नंतर

दिल्ली, मुंबई, हैदराबाद, बंगळूरु इथल्या विमानतळांवर चेक-इनच्या रांगा लांबल्या. इंडिगो, आकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस या कंपन्यांनी प्रवाशांना अडचणीची सूचना दिली. काउंटरवर बोर्डिंग पास पेनाने लिहायला सुरुवात झाली: प्रवाशाचे नाव, विमानाचा क्रमांक, आसन, दार. काही विमानतळांवर उड्डाणांच्या वेळा पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिल्या गेल्या.

प्रवाशांसाठीच्या अनेक सूचनांत नाव मायक्रोसॉफ्टचे होते. पहाटेचा अझ्युरचा बिघाड आणि सकाळची फाइल या दोन घटना एकाच दिवशी, एकमेकांवर आल्या होत्या. कुठल्या काउंटरवर कोणती भोवली, हे रांगेतल्या माणसाला कळण्याचा मार्ग नव्हता.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने सूचनापत्र काढून धोक्याची पातळी सर्वोच्च ठरवली. सरकारी राष्ट्रीय माहिती केंद्राच्या जाळ्यावर परिणाम नसल्याचे माहिती तंत्रज्ञानमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले. १० बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचे रिझर्व्ह बँकेने कळवले. बहुतेक बँका सुरक्षित राहण्याची कारणे साधी होती. त्यांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नव्हत्या आणि हा सेन्सर वापरणाऱ्या बँका थोड्याच होत्या.

दुपारी १ च्या सुमारास

ब्रिटनमध्ये कामाचा दिवस सुरू झाला. स्काय न्यूजचे थेट प्रक्षेपण सकाळी बंद पडले होते. डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी आणि भेटींची वेळ दाखवणारी प्रणाली उघडेना. कागदावर काम सुरू झाले.

जगभरच्या आयटी विभागांत आता दुसरी अडचण समोर आली. लॅपटॉप चोरीला गेला तरी माहिती वाचता येऊ नये, म्हणून संस्थांनी इमेजमध्येच बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे साधन चालू करून ठेवले होते. तो योग्य निर्णय होता. पण बिटलॉकर असलेल्या मशीनवर दुरुस्तीच्या पडद्यातून फाइल पुसायची तर ४८ अंकी किल्ली लागते. प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी.

या किल्ल्या सर्व्हरवर ठेवलेल्या होत्या. अनेक संस्थांत त्या सर्व्हरवरही फाल्कन होता.

आधी तो सर्व्हर उठवायचा. मग किल्ली वाचायची. मग ४८ अंक फोनवर सांगायचे किंवा कागदावर लिहून न्यायचे. घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला ते स्वतः टाइप करावे लागत. एक अंक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी ३:१५

फाइल सुटून ५ तास ३६ मिनिटे झाली होती. न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे ५:४५. क्राउडस्ट्राइकचे मुख्य कार्यकारी अधिकारी जॉर्ज कर्ट्झ यांनी एक्सवर निवेदन दिले. विंडोज मशीनसाठीच्या एका अपडेटमध्ये दोष होता, तो सापडला आहे, वेगळा काढला आहे, दुरुस्ती दिली आहे आणि हा सायबरहल्ला नाही, असा त्याचा आशय होता. त्या निवेदनात माफीचे शब्द नव्हते. ते काही वेळाने, दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत आले.

चौदा वर्षांपूर्वी मॅकॅफीची फाइल गेली, त्या कंपनीच्या तंत्रज्ञानाची जबाबदारी याच अधिकाऱ्याकडे होती. दोन्ही वेळा रोज जाणारे, लहान, विश्वासाचे अपडेट होते. दोन्ही वेळा दुरुस्ती तासांत तयार झाली आणि मशीनपर्यंत ती माणसांना पायी न्यावी लागली.

सायंकाळी ५:४५

अझ्युरचा पहाटेचा बिघाड दूर झाला. निळे पडदे तसेच राहिले. दोन घटना वेगळ्या होत्या, हे आता सगळ्यांना दिसू लागले.

अमेरिकेत सकाळ झाली होती. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या कंपन्यांची उड्डाणे काही काळ जमिनीवर थांबवण्यात आली. रुग्णालयांनी तातडी नसलेल्या शस्त्रक्रिया आणि भेटी पुढे ढकलल्या. दिवस संपेपर्यंत जगात ५,००० हून अधिक उड्डाणे रद्द झाली.

२० जुलै २०२४

पहाटे ३ वाजल्यापासून देशातल्या विमानतळांवरील विमान कंपन्यांच्या यंत्रणा सुरळीत होऊ लागल्याचे नागरी विमान वाहतूकमंत्री राममोहन नायडू यांनी सांगितले.

मायक्रोसॉफ्टने आकडा दिला: ८५ लाख विंडोज मशीन. जगातल्या एकूण विंडोज मशीनच्या एक टक्क्याहूनही कमी. पण ती मशीन काउंटरवर, वॉर्डात, नियंत्रण कक्षात आणि सर्व्हर खोलीत होती.

त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हवरून चालणारे दुरुस्तीचे साधन दिले. पुढच्या काही दिवसांत त्यात नेटवर्कवरून मशीन सुरू करण्याचा, म्हणजे पीएक्सईचा पर्याय आला. रेफरन्स इमेज उतरवायला संस्था हाच रस्ता वापरतात. ज्या संस्थेची इमेजची व्यवस्था जागेवर होती आणि तिचा सर्व्हर वाचला होता, तिला मशीनमागून मशीन फिरत बसण्याची गरज कमी पडली. जिथे किल्ली सापडतच नव्हती, तिथे डिस्क पुसून इमेज नव्याने उतरवणे हा शेवटचा उपाय उरला. त्या मशीनवर साठवलेले, दुसरीकडे न ठेवलेले काम त्याबरोबर गेले.

२१ ते २९ जुलै २०२४

इतर विमान कंपन्या सावरल्या. डेल्टा लवकर सावरली नाही. तिच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार ४०,००० सर्व्हर हाताने सुरू करावे लागले. पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली. कंपनीने पुढे आपले नुकसान सुमारे ५० कोटी डॉलर सांगितले.

अमेरिकेतल्या ५०० सर्वांत मोठ्या कंपन्यांचे, मायक्रोसॉफ्ट वगळून, थेट नुकसान ५४० कोटी डॉलर असल्याचा अंदाज पॅरामेट्रिक्स या विमा-विश्लेषण कंपनीने काढला.

२५ जुलैला यादीबाहेर वाचन रोखणारी तपासणी सेन्सरमध्ये घालण्यात आली. २९ जुलैपर्यंत सुमारे ९९ टक्के विंडोज सेन्सर पुन्हा संपर्कात आले. 

६ ऑगस्ट २०२४

कंपनीने कारणांचा अहवाल प्रसिद्ध केला. २१ आणि २० यांतला फरक त्यात स्पष्ट लिहिलेला होता. उपायही होते. साच्यातले रकाने आणि दिले जाणारे रकाने कोड तयार होतानाच मोजायचे. तपासनीस सुधारायचा. चाचणीत प्रत्येक रकान्यात खरी अट घालून पाहायचे. नियमही टप्प्याटप्प्याने सोडायचे. ते कधी आणि कुठे घ्यायचे, हे ग्राहकाला ठरवू द्यायचे.

शेवटचे दोन उपाय नवे नव्हते. इमेज उतरवणारा कोणताही अनुभवी तंत्रज्ञ ते दहा वर्षे पाळत होता. ते या वस्तूला लावले गेले नव्हते, कारण ही वस्तू लहान होती आणि रोजची होती. सावधगिरी वस्तूच्या आकारावरून ठरली. वस्तूची पोच किती दूर आहे आणि किती खोल आहे, यावरून ती ठरायला हवी होती. कर्नलपर्यंत आणि सगळ्या मशीनपर्यंत जे जाते, ते एका ओळीचे असले तरी आधी थोड्यांवर गेले पाहिजे.

२४ सप्टेंबर २०२४

क्राउडस्ट्राइकचे वरिष्ठ उपाध्यक्ष अ‍ॅडम मेयर्स अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे हजर झाले. त्यांनी माफी मागितली आणि असे पुन्हा होऊ नये यासाठी केलेले बदल सांगितले.

हे बदल एका कंपनीचे आहेत. आपल्या कार्यालयातल्या, बँकेतल्या, रुग्णालयातल्या मशीनवर अशा आणखी अनेक गोष्टी रोज आपोआप येतात. म्हणून ज्यांच्या हाती मशीन सोपवलेली आहेत, त्यांनी तीन गोष्टी आजच लिहून ठेवाव्यात. आपल्या परवानगीशिवाय कोणत्या कंपनीचे काय काय सगळ्या मशीनवर थेट येते. बिटलॉकरच्या किल्ल्या कुठे आहेत. आणि सगळी विंडोज मशीन एकाच सकाळी बंद पडली, तर त्या किल्ल्या वाचायला कोणते मशीन चालू असेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतेच नाही’ असे असेल, तर किल्ल्यांची एक प्रत विंडोजबाहेर, कुलपात, कागदावर ठेवण्याचे काम याच आठवड्यात करायचे आहे.